वाडीला चालतील असे टायर

त्या गुरुवारी आप्पांनी टायर घेतले नाहीत. पाहिले, हात फिरवला, अंगठ्याने दाबून बघितले आणि ‘बघू’ म्हणाले. हे ‘बघू’ गणपतीत सुरू झालं होतं आणि आता दिवाळीही उलटली होती.

आप्पा म्हणजे गंगाराम चौधरी, नंदाखालचे वाडीवाले. वाडीत केळी, नागवेलीचा मळा, कडेने सोनचाफा. जीप त्यांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली, विनया तेव्हा शाळेत होती. आता ती वसईच्या कॉलेजात मराठी शिकवत होती आणि अजून त्याच जीपमधून, त्याच डाव्या सीटवर बसून जात होती. मागे केळीचे लोंगर आणि पानांच्या करंड्या, पुढे बापलेक. आधी बाजार, मग कॉलेज. शनिवारी जीप राजोडीच्या किनाऱ्यावर जाई, मासळीचं खत आणायला. म्हणजे वाडीतला चिखल, मोठ्या रस्त्याचं डांबर आणि किनाऱ्याची वाळू, असं तिन्ही त्या एका गाडीच्या नशिबी होतं, आणि खाली टायर पार गुळगुळीत झालेले. आप्पांच्या डोक्यासारखे, असं पास्कल म्हणायचा.

पास्कलचं टायरचं दुकान सांडोरला, रस्त्याला लागूनच. त्या दिवशी त्याने तीन टायर बाहेर काढून भिंतीला ओळीने टेकवले.

“गंगारामभाऊ, शेवटचं सांगतो,” तो म्हणाला. “हा रस्त्याचा. लोण्यासारखा जाईल. फक्त वाडीत शिरलात की रुतून बसाल, मग तिथंच आरती म्हणायची. हा दातांचा. चिखलात याच्यासारखा कोण नाही. पण डांबरावर असा घोंगावेल, की शेजारी बसलेल्या मुलीशी बोलायचं तर पोस्टकार्ड टाकावं लागेल.”

“तशीही ती कुठं बोलते,” आप्पा म्हणाले. “आणि तो तिसरा?”

“हा ऑल टेरेन. मुंबईहून नमुन्याला एक आणवलाय. रस्ता, चिखल, वाळू, सगळीकडे चालतो.”

“सगळीकडे चालतो तो कुठंच धड नसतो.”

“ते माणसाचं, भाऊ. टायरचं तसं नाही.”

विनया जीपमध्येच बसून होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं. आप्पांनी तिसऱ्या टायरवर तळवा पसरून ठेवला. “रुंद वाटतो रे. स्टिअरिंग जड होईल?”

“थोडं होईल. तुम्हाला काय त्याचं?”

आप्पांनी टायरवरचा हात काढला. जीपकडे वळून म्हणाले, “विनी, तुला कुठला वाटतो?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा.”

हे काही खरं नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयात गाड्यांचं एक मासिक येई. त्यात टायरवर आलेला मोठा लेख तिने वाचला होता, आणि वाचलेलं तिच्या लक्षात राहत असे. तिसरा टायर बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. पण जीप हे आप्पांचं राज्य. तिथे आपण तोंड घालू नये, अशी तिची रीत होती, आणि ती रीत तिला आदराची वाटे.

शेवटी पास्कलने नमुन्याचा टायर स्टेपनीच्या रिमवर चढवून दिला. घरी न्या, वाडीत फिरवून बघा, म्हणाला. जीप सुरू करणार तेवढ्यात आप्पा पुन्हा उतरले. चष्मा राहिला म्हणून आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. चष्मा शर्टाच्या खिशातच होता. विनयाने ते पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

कॉलेज सुटल्यावर घरी येताना, निर्मळच्या वळणावर, गिअर बदलायला आप्पांनी क्लच दाबला. डावा गुडघा. पावसाळ्यापासून तो दुखत होता. त्यांनी ओठ आवळले, नाकातून श्वास सोडला आणि रस्त्याकडे असं बघितलं, की जणू दुखणं तिथे कुठेतरी पुढे पडलं आहे. रोज याच वळणावर विनयाच्या तोंडाशी एक वाक्य येई. साधं, दोन-तीन शब्दांचं. ते रोज परत जाई. गाडी तिला येत होती. आप्पांनीच राजोडीच्या वाळूत शिकवली होती, ‘वाळूत शिकलीस की डांबर म्हणजे खेळ’ असं म्हणून. लायसन्सही त्यांनीच काढायला लावलं. पण त्यानंतर आप्पा गाडीत असताना स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. विनयाच्या धाकट्या भावाने, हर्षवर्धनने, एकदा सांगून बघितलं होतं, “आप्पा, आता गाडी चालवणं सोडा.” त्या वर्षी आप्पा त्याच्याकडे पुण्याला गेले नाहीत. नातवाच्या वाढदिवसालाही नाही. म्हणून विनया खिडकीबाहेर बघे.

दोघं घरी आली आणि दुपारीच टायरची परीक्षा झाली.

परीक्षा टायरची नव्हे, पाटाची. वाडीवाल्यांचं हे वेगळंच असतं. बाकीचे लोक टायर बघतात ते गाडी घसरेल का, रुतेल का म्हणून. वाडीवाला बघतो तो पाट फुटेल का म्हणून. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी पंपाने वर येतं आणि मातीच्या पाटांतून केळीच्या बुंध्याशी जातं. पाटाची कड ढासळली की पाणी वाट सोडतं. मोठ्या रस्त्यापासून आप्पांच्या वाडीपर्यंतची वाट ही आप्पा आणि शेजारची डेल्फिन यांच्या सामाईकीतली, आणि त्या वाटेला आडवा डेल्फिनचा पाट. मागे एका पावसाळ्यात आप्पांनी हौसेने दातांचे टायर बसवले होते. जीप रुतली नाही, पण पाटाचा रोज चिवडा होई. रोज सकाळी आप्पा फावडं घेऊन पाट लिंपत आणि डेल्फिन कमरेवर हात ठेवून उभी राही.

आताही ती तशीच उभी होती. तिचं माहेर अर्नाळ्याचं. इतकी वर्षं नंदाखालला काढली तरी जिभेवरचं माहेर सुटलं नव्हतं.

“परत रनगाडा आनलास काय, गंगाराम?”

“नमुना आहे. तू बघ आणि सांग.”

आप्पांनी जॅक लावला. विनयाने पाना फिरवला, कारण खाली बसणं आप्पांना जमत नव्हतं आणि जमत नाही असं म्हणणंही जमत नव्हतं. मागच्या डाव्या बाजूला नवा टायर, बाकी तीन टकले. आप्पांनी जीप पाटावरून पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. डेल्फिन वाकून पाटाच्या कडा बघत राहिली. ओल्या मातीत नव्या टायरची नक्षी उमटली होती, दाट, बारीक, चटईच्या विणीसारखी.

“कड राह्यली,” डेल्फिन म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशाच होती. “पानी जाईल.”

“पास म्हण ना मग.”

“पास. पन मी तुझ्याकडं बघून नाय म्हनत. पाटाकडं बघून म्हनते.”

आप्पा हसले. टायर पुन्हा काढून त्यांनी अंगणातल्या आंब्याला टेकवून ठेवला. संध्याकाळी जेवताना त्यांनी परत विचारलं, “मग तुला कुठला वाटतो?” आणि विनया परत म्हणाली, “तुम्ही ठरवा ना, आप्पा. चालवायचं तुम्हाला आहे.”

त्यांनी भातावर ताक घेतलं. विषय तिथे संपला.

शुक्रवारी सकाळी आप्पा पंप सुरू करायला बावखलावर गेले. पंप सुरू झाला. पाट भरला, ओसंडला, तरी पाणी कुणी वळवलं नाही. ते वाहत वाहत डेल्फिनच्या वाडीत शिरलं आणि तिच्या मुळ्याच्या वाफ्यात तळं झालं. ती तावातावाने बांध ओलांडून आली. आप्पा माडाला पाठ टेकून बसले होते. फावडं मांडीवर आडवं होतं. डेल्फिनने आधी पंप बंद केला. मग डोक्यावरून पदर घेतला, आणि मग विनयाला हाक मारायला आली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेत जावं तसे गेले. विनयाने मान हलवली. आप्पा झोपेत सुद्धा आवाज करत, हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता.

पुढचे दिवस माणसांचे असतात, घरच्यांचे नसतात. माणसं आली. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा कुणीतरी आंब्याखालचा टायर आडवा टाकला आणि त्याच्यावर फळी ठेवून बसायची सोय केली. आप्पांचे चुलतभाऊ त्यावर बसले, बाजारातले दलाल बसले, एक दिवस डेल्फिनही बसली, हातात जपमाळ घेऊन. वाटेवरची नक्षी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पहिल्याच दिवशी पुसून गेली होती. विनयाने सगळ्यांना चहा दिला. ती रडली नाही, याची एका मामीने नोंद घेतली आणि दुसरीच्या कानात सांगितली. पहिलीचं कुजबुजणंही दोन वाफे पलीकडे ऐकू जाणारं होतं.

तेराव्यानंतर हर्षवर्धन ओट्यावर तिच्या शेजारी येऊन बसला. मनाने तो वाईट नव्हता. नीट विचार करून आला होता.

“ताई, वाडी मक्त्याने देऊ. तू कॉलेज करून केळी कुठे बघत बसणार? आणि जीप. कळंबचा एक रिसॉर्टवाला विचारतोय. पर्यटकांना वाळूत फिरवायला हवीय त्याला. रविवारी येईल बघायला. तुला आपण मारुती घेऊ. स्टिअरिंग कसं बोटाने फिरतं.”

“मक्तेदार पाट राखेल?”

“पाट?”

“काही नाही.”

“तू चालवणार आहेस का तो रणगाडा?” त्याने विचारलं. हेटाळणी नव्हती त्यात, खरंच विचारत होता. “रोज? वाडीतून बाजार, बाजारातून कॉलेज? आप्पा होते म्हणून चाललं, ताई. ते वेड त्यांचं होतं.”

ते वेड त्यांचं होतं, हे तिने मनात एकदा म्हणून बघितलं. जीप गेली की माल बाजारात न्यायला दुसऱ्याचा टेम्पो. टेम्पो आला की मक्ता, आणि मक्ता आला की दोन-चार वर्षांत वाडीच्या जागी काय उभं राहतं हे आसपास बघितलं की कळत होतं. हे तिला दिसत होतं. पण ‘मी चालवीन’ असं म्हणण्याआधी आपल्याला ते खरंच हवं आहे का, की नुसतं सोडवत नाही, हे तिला स्वतःला सांगता येईना. म्हणून ती म्हणाली, “रविवारपर्यंत बघू.” म्हटल्यावर तिला ‘बघू’ हा शब्द ओळखीचा वाटला.

शनिवारी सकाळी नमुन्याचा टायर परत करायचा म्हणून तिने जीप काढली. हर्षवर्धन बाजारात गेला होता. स्टिअरिंग खरंच जड होतं. वाटेत मागून एसटीने हॉर्न दिला आणि जीप बाजूला घेताना तिचे दोन्ही खांदे कामाला लागले. निर्मळच्या वळणावर तिने क्लच दाबला. गुडघा दुखला नाही. तिला जरा आश्चर्यच वाटलं.

पास्कल दुकानाबाहेर आला. त्याने आधी जीपकडे बघितलं, मग उजव्या सीटकडे. मातीला तो आला होता, त्यामुळे सांत्वनाचं बोलणं होऊन गेलं होतं. त्याने टायर उतरवून घेतला.

“बरा निघाला काय वाडीत?”

“डेल्फिनबायने पास केलाय.”

“मग झालंच. तिने पास केला म्हणजे पोपने केला.” तो टायर आत घेऊन गेला आणि आतूनच म्हणाला, “त्याचे भाऊ आलेत बघा.”

दुकानाच्या मागच्या बाजूला चार नवे टायर उभे होते. नक्षी तीच, दाट, बारीक. फक्त अंगाने थोडे अरुंद.

“हे कुणाचे?”

“तुमचेच. म्हणजे, घेतलेत तर तुमचे.” पास्कलने हात पुसले. “त्या गुरुवारी गंगारामभाऊ परत आत आला ना, चष्म्याचं निमित्त काढून. मला म्हणाला, हीच नक्षी बारीक मापात मिळते काय विचार. वाडीत चालला तर फोन करतो, मग मागव. फोन काय आला नाय. पण मी म्हटलं, मागवून ठेवू. नाय घेतले तर कोणतरी घेईल.”

“बारीक मापात कशाला?”

“स्टिअरिंग हलकं राहायला. दर खेपेला त्याचा तोच प्रश्न. मी म्हटलं, भाऊ, तुमचे हात काय, तुम्ही बैल धरलेत. तर म्हणाला, माझं नाय रे. विनी चालवील तेव्हा.”

विनया टायरकडे बघत होती.

“मी म्हटलं, मग द्या ना तिला आत्ताच. गुडघा घेऊन कशाला झगडता? तर म्हणाला,” पास्कल थोडा थांबला, पुढचं सांगावं की नाही असा, “म्हणाला, ती मागत नाय. तिला पुस्तकं आवडतात, गाडी आवडते की नाय कोण जाणे. मागितल्याशिवाय गळ्यात कशी घालायची?”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पास्कलने उगाच एका टायरला थाप मारली.

“घाई नाय. विचार करा. हर्षा म्हणाला, रविवारी गिऱ्हाईक येणार आहे.”

“बसवा,” विनया म्हणाली.

“चारही?”

“चारही. आणि जुन्यातला त्यातल्या त्यात बरा असेल तो स्टेपनीला ठेवा.”

टायर चढेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. पुस्तक आणलं नव्हतं. पास्कलने एकेक चाक उतरवलं, ट्यूब तपासली, हवा भरली. रविवारची गोष्ट राहिली होती, म्हणून तिने दुकानाच्या फोनवरून घरी फोन लावला. हर्षवर्धन बाजारातून आला होता.

“त्या रिसॉर्टवाल्याला उद्या येऊ नका म्हणून सांग.”

“का? ताई, तू जीप घेऊन कुठे गेलीस?”

“सांडोरला. टायर घातलेत.”

“विकायच्या गाडीला नवे टायर?”

“विकायची नाही. आणि मक्त्याचंही कुणाशी बोलू नकोस.”

मग हर्षवर्धन म्हणाला, “जेवायला येतेस ना?”

“येते.”

पास्कलने गल्ल्याच्या खणातून चार लिंबं काढली आणि एकेका चाकापुढे ठेवली. विनयाने त्याच्याकडे बघितलं.

“आमच्या लोकांसाठी फादरचं पाणी, तुमच्या लोकांसाठी लिंबं,” तो म्हणाला. “दोन्ही ठेवतो. टायर फुटला तर गिऱ्हाईक मलाच पकडतं, देवाला नाय.”

लिंबं चिरडली गेली आणि जीप रस्त्याला लागली. टायर घोंगावत नव्हते. नुसता एक मंद, सलग आवाज होता, माणसाला बोलता येईल इतपत. स्टिअरिंग अजून जडच होतं, पण सकाळपेक्षा कमी, की आता तिला वजनाचा अंदाज आला होता, हे सांगणं कठीण. निर्मळचं वळण आलं आणि गेलं.

वाटेवर डेल्फिन पाटाशी उभी होती. तिच्या वाडीला पाणी चालू होतं. विनयाने जीप पाटावरून सावकाश नेली आणि पलीकडे थांबवली. डेल्फिन वाकली. एक कड बघितली, दुसरी बघितली, बोटाने माती दाबली. मग तिने चारही चाकांभोवती एक फेरी मारली, आणि उजव्या बाजूच्या दारापाशी येऊन विनयाकडे बघत राहिली.

“तूच चालवनार आता?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“मग पहाटे हॉर्न नको वाजवत जाऊस त्याच्यासारखा. माझी कोंबडी उठते.” ती पुन्हा पाटाकडे वळली. “जा. पानी नीट चाललंय.”

पुढे वाडीचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक. जीप बेड्यासमोर थांबवून विनया उतरली. काथ्याची दोरी सोडली, बेडं ओढून बाजूला केलं आणि ते धरून उभी राहिली. तिचं काम तेवढंच असे. ती शाळेत होती तेव्हापासून. ती बेडं धरे, जीप तिच्या शेजारून आत जाई, ती बेडं लावी आणि मग धावत जाऊन डाव्या बाजूने चढे.

ती वाट बघत राहिली. इंजिन चालू होतं. काचेवर केळीच्या पानांची सावली हलत होती. नव्या टायरांना ओली माती लागली होती. जीप जागची हलली नाही.

बेड्याची दोरी तिने माडाला बांधून टाकली. जीपपाशी आली, पायांना सवय होती म्हणून आधी डाव्या बाजूला गेली, तिथून वळसा घालून उजवीकडे आली. सीटवरचं रेक्झिन मध्यभागी खचलेलं होतं. तिने दांडीवर हात ठेवला, पण चढली नाही. कुणीतरी बसलेलं असावं तशी थोडी वाकून, रोजच्या आवाजात, फार मोठ्याने नाही आणि फार हळूही नाही, म्हणाली,

“आप्पा, सरका तिकडे. मी चालवते.”